आतून कडी

श्रीवर्धन, ६ मार्च १९३२

आज पोचलो. आगबोट बंदराबाहेर थांबली आणि आम्हाला पडावात उतरवलं. पडाव वाळूला लागेपर्यंत एका म्हातारीचं कोंबडं माझ्या मांडीवर होतं. शेवटी धोतर गुडघ्यापर्यंत भिजलंच, पण मन इतकं हलकं होतं की मी हसतच किनाऱ्यावर चढलो.

वाचनालयाची इमारत बुटकी, कौलारू, पुढं पडवी. पुस्तकांची मोठी खोली आणि तिच्या मागं माझी. ‘माझी’ हे लिहितानाही बरं वाटतं. पेणच्या खाडीकाठी आम्ही सगळी भावंडं एकाच खोलीत झोपायचो. वडील मिठागरावरून यायचे तेव्हा त्यांच्या फुटलेल्या पायांना तेल लावायलाही जागा करावी लागे. इथं खिडकी उघडली की सुपारीची वाडी, वाडीपलीकडं पुळण आणि समुद्र.

वाचनालयाचे अध्यक्ष अब्दुस्समद शेठ माझी वाट पाहत पडवीत बसले होते. म्हातारे आहेत, पण ताठ. त्यांची गलबतं पूर्वी मस्कतपर्यंत जात, आता एकच उरलंय. गिरगावातल्या नोकरीत किती पुस्तकं वाचलीत, असं त्यांनी विचारलं. मोजली नाहीत, म्हणालो. ते खूश झाले. मोजणारा आम्हाला नकोच होता, म्हणाले.

चिटणीस त्र्यंबकपंत वकील मला अरे-तुरे करतात. म्हात्रे म्हणजे आगरी का, असं विचारून त्यांनी माझं अक्षर पाहायला मागितलं. पाहून कागद परत केला. असो.

बायका वाचनालयात येत नाहीत, ब्राह्मणआळीतल्या नाहीत आणि मोहल्ल्यातल्याही नाहीत. त्यांची पुस्तकं सगुणा नावाची कोळीण वेताच्या टोपलीत घालून घरोघर पोचवते. तिला वाचता येत नाही. पण कुणाला कुठलं पुस्तक आवडलं आणि का, हे ती येऊन सगळं सांगते. मला ही व्यवस्था फार आवडली. इथं मी बरीच वर्षं राहीन असं वाटतं.

१५ मार्च

टपालानं पार्सल आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. एका कादंबरीच्या दोन प्रती होत्या. नाव ‘आतून कडी’. लेखकाच्या नावाच्या जागी ‘एक रहिवासी’ एवढंच.

मी ती एका बैठकीत संपवली. असलं काही मराठीत पाहिलं नव्हतं. एक बाई घरात एकटी आहे. तिनं दाराला आतून कडी घातली आहे. बाहेर कोणीतरी आलाय आणि उघड म्हणतोय. पण तो बोलतो तिथं पान कोरं सोडलंय, कधी एक ओळ, कधी अर्धं पान. ती काय उत्तर देते त्यावरून तो काय म्हणाला असेल ते आपण समजून घ्यायचं. मधल्या भागात मजकूर पानाच्या कडेला इतका चिंचोळा होत जातो की बाई भिंतीला चिकटून उभी आहे असं वाटावं. एक प्रकरण म्हणजे एकच वाक्य आहे, श्वास घ्यायला जागा नाही.

मग कोऱ्या जागा भरू लागतात. बाहेरच्याचं बोलणं छापलेलं दिसू लागतं, आणि ते शब्दन्‌शब्द बाईनंच आधी केव्हातरी बोललेलं असतं. त्याच्याजवळ स्वतःचा एक शब्द नाही. त्याला कडीही काढता येत नाही, ती आतल्यानंच काढावी लागते. शेवटी ती काढते. इतक्या आपुलकीनं जन्मात कोणी आपलं ऐकलंच नव्हतं, असं तिला वाटतं म्हणून काढते. तिथं पुस्तक संपतं.

दोन्ही प्रती नव्या पुस्तकांच्या फळीवर ठेवल्या. भांडणं होणार हे दिसतंय. होऊ देत. त्यासाठीच वाचनालय असतं.

२९ मार्च

झाली भांडणं. गावात दुसरा विषय नाही.

त्र्यंबकपंत म्हणतात, कोरी पानं बांधून तिला कादंबरी म्हणणं ही वाचकांची फसवणूक आहे, आणि एका वाक्याचं प्रकरण लिहिणाऱ्याला शाळेत परत बसवलं पाहिजे. शाळेतले नारायण मास्तर म्हणतात, नव्या युगाचं पुस्तक आहे, ज्याला कळत नाही तो जुन्या युगाचा. ते रोज संध्याकाळी पडवीत दहा-बारा तरुणांना ते वाचून दाखवतात आणि कोऱ्या जागा आल्या की डोळे मिटून गप्प बसतात. पंत त्याच वेळी मुद्दाम खोकतात. काल दोघांची हातघाई व्हायची राहिली. ब्राह्मणआळीत एका नवऱ्यानं बायकोच्या हातून पुस्तक ओढून विहिरीत टाकलं. आता एकच प्रत उरली आहे.

शेठनी दोनदा वाचलं. ते म्हणाले, धुक्यात पाण्यावरून हाक आली तर आमचे खलाशी ‘ओ’ देत नाहीत. हाक ओळखीच्या आवाजात असली तर मुळीच नाही. हे पुस्तक लिहिणारा समुद्र पाहिलेला माणूस आहे.

पण मला सगळ्यांत भावलं ते शेठच्या नातीचं, अतियाचं मत. सगुणानं ते आणलं. अतिया मोहल्ल्यातच सुगराबींच्या घरी दिलेली आहे. निकाह झाला आणि महिन्याभरात तिचा नवरा हमीद आगबोटीवर खलाशी म्हणून गेला तो वर्षानुवर्षं परतलाच नाही. ती सासूजवळ राहते. सासूला मोतीबिंदू आहे, म्हणून घर तीच चालवते. तिनं सांगून पाठवलं, की आजवरच्या पुस्तकांत लेखकच बोलत होते, यानं मला बोलायला जागा ठेवली.

मी पंतांना ते ऐकवलं. बायकांना असलं पुस्तक दिलंस कुणाला विचारून, असं त्यांनी मला विचारलं.

९ एप्रिल

आनंदाची बातमी. अतियाचा नवरा परत आला. कालच्या बोटीनं उतरला. सुगराबींनी त्याचा आवाज ऐकला मात्र, उंबऱ्यातच गळ्यात पडल्या. शेठनी मोहल्ल्यात खजूर वाटले, मलाही पाठवले.

दुपारी हमीद शेठबरोबर वाचनालयात आला. उंच, देखणा, स्वच्छ पांढरा पोशाख. बाहेर उन्हानं वाळू चटके देत होती, पण त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. मी म्हणालो, परक्या मुलखात फार वर्षं काढलीत, आता घरचं गोड लागत असेल. तो हसला आणि म्हणाला, “आता घरचं गोड लागत असेल.” आवाज इतका मऊ होता की मला माझंच वाक्य चांगलं वाटलं.

‘आतून कडी’ त्यानं फळीवरून काढलं, बसून वाचलं, आणि जागेवर ठेवलं. कोरी पानं तो छापील पानांइतकाच वेळ वाचत होता.

१७ एप्रिल

सगुणा आज टोपली घेऊन आली ती दारातच उभी राहिली. अतियानं एक प्रश्न विचारलाय, म्हणाली: त्या बाईनं कडी काढली नसती तर काय झालं असतं, ते पुस्तकात कुठं आहे का?

मी म्हणालो, पुस्तकात नाही. ज्यानं त्यानं आपल्या मनाशी ठरवावं अशी लेखकाची इच्छा दिसते.

किती रुबाबात म्हणालो. सगुणानं टोपली खाली ठेवली. मग तिनं सांगितलं. अतिया म्हणते, आलेला माणूस हमीद नाही. तो आपणहून काही बोलत नाही. आपण बोलावं, ते त्यानं परत द्यावं. सासू म्हणते बाळा दमलास, तो म्हणतो दमलो. सासू म्हणते तुझी फार आठवण यायची, तो म्हणतो तुझी फार आठवण यायची. सासू रडते आणि त्याला जवळ घेते. अतियानं त्याला विचारलं, बोटीवर जायच्या आदल्या रात्री तू मला काय दिलंस? तो म्हणाला, “काय दिलंस?” आणि हसला.

मी सगुणाला म्हणालो, माणूस इतक्या वर्षांनी आलाय, बुजला असेल. सगुणा म्हणाली, “बुजल्याला घाम येतो. याला न्हाय येत.”

२४ एप्रिल

अतियानं स्वतःला माजघरापलीकडच्या खोलीत कोंडून घेतलंय. आतून कडी. धाकटी बहीण फिरोजा मागच्या झरोक्यातून भाकरी देते. ही फिरोजा शेठजवळ राहते, पंधरा-सोळा वर्षांची असेल.

साऱ्या गावात बभ्रा झाला. कुणाच्या नावानं? पुस्तकाच्या.

पंत म्हणतात, बघा, मी सांगत होतो, असल्या पुस्तकानं बायकांची डोकी फिरतात. नारायण मास्तरांची मंडळी त्याहून वाईट. ती म्हणतात, वाचकावर एवढा परिणाम घडवणारी दुसरी कादंबरी दाखवा. मास्तर यावर पुण्याच्या मासिकात लेख लिहिणार आहेत. आज संध्याकाळी पडवीत यावर दोन तास भांडण झालं. कोऱ्या जागांचा अर्थ काय, प्रतीक आहे की नाही, लेखकाचा हेतू काय. एकानंही विचारलं नाही, की ती पोरगी म्हणते ते खरं असलं तर? एकानंही नाही. मी विचारलं. मास्तर म्हणाले, म्हात्रे, तुम्ही फार शब्दशः वाचता. पंत म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदाच मास्तर बरोबर बोलले. आणि दोघं हसले.

मला पडवीतल्या टेबलाचा पाय मोडून त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला.

शेठ येत नाहीत. ते सुगराबींच्या ओटीवर बसून असतात. मी भेटायला गेलो तर म्हणाले, बेटा, तुझं पुस्तक मी आवडीनं वाचलं, आता त्याचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.

खोलीच्या दाराशी एका पाटावर हमीद बसला होता. दाराला तोंड लावून हळू काहीतरी बोलत होता. सगळे म्हणाले, बिचारा, किती धीर धरतोय.

३० एप्रिल

हमीद रोज दुपारी तासभर वाचनालयात येतो. आज मी कपाटाआड राहून ऐकलं.

त्यानं पंतांना ऐकवलं की हे पुस्तक म्हणजे फसवणूक आहे, लेखकाला शाळेत परत बसवलं पाहिजे. पंत म्हणाले, हा माणूस जग हिंडलाय, याला कळतं. थोड्या वेळानं पडवीत त्यानं मास्तरांना ऐकवलं की हे नव्या युगाचं पुस्तक आहे. मास्तरांनी त्याला मिठी मारली. दोन्ही पक्ष त्याला आपला समजतात. आयुष्यभर स्वतःचं बोलणं स्वतःच ऐकत आलेली माणसं! त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकू आलं आणि ती विरघळली.

मी त्याला दारात अडवलं. विचारलं, तू कोण आहेस? तो म्हणाला, “तू कोण आहेस?” मी म्हणालो, त्या पोरीला सोड. तो म्हणाला, “त्या पोरीला सोड.” माझ्याच आवाजात. अगदी माझ्या, त्यात पेणचा हेलसुद्धा. त्याचं तोंड तेवढं हलत होतं, गळा हलत नव्हता.

मी मागं सरलो. तो उन्हात चालत गेला. वाळूवर त्याची पावलं उमटत होती, हेही लिहून ठेवतो. उमटत नव्हती असं लिहिणं सोपं गेलं असतं.

फिरोजानं सगुणाला सांगितलंय: दाराशी बसून तो आता अतियाचंच बोलणं म्हणतो. लहानपणापासूनचं. तिनं एकटीनं रडत म्हटलेलंही.

४ मे

अतियानं कडी काढली.

भर दुपारी, सगळं घर जेवत असताना. स्वतःच्या हातानं काढली आणि बाहेर येऊन सासूच्या पाया पडली. शहाणी झाली म्हणून शेठ रडले. मोहल्ल्यात पुन्हा खजूर वाटले.

मी माझे परत पाठवले.

६ मे

न राहवून शेठकडं गेलो. ती तिथं आली होती. पडद्याआडून तिचा आवाज ऐकला. शेठ म्हणाले, बेटी, आता बरं वाटतं ना? ती म्हणाली, “आता बरं वाटतं ना.” शेठ म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ. ती म्हणाली, “झालं गेलं विसरून जाऊ.” शेठनी माझ्याकडं ओल्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे, बघ.

मी म्हणालो, शेठ, तिला असं काही विचारा की ज्याचं उत्तर तुमच्या प्रश्नात नसेल.

ते उठून उभे राहिले. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. माझी नात मला परत मिळाली आहे, ती मी तुझ्या हाती पुन्हा देणार नाही, असं म्हणाले.

हा एक माणूस या गावात माझा होता. धुक्यातली हाक ज्यानं मला सांगितली, त्यालाच ती ऐकू येत नाही. मी रस्ताभर मोठ्यानं शिव्या देत आलो. कुणाला, ते माहीत नाही.

८ मे

आज वाचनालयाची सभा. विषय: पुस्तक जाळावं की ठेवावं. अख्खं गाव पडवीत. पंतांनी ‘जाळा’वर भाषण केलं, मास्तरांनी ‘ठेवा’वर. दोघांची भाषणं मुद्देसूद. हमीद मधोमध बसून दोघांना मान डोलवत होता.

मी उठलो. व्यवस्थित बोलणार होतो, ठरवून आलो होतो. पण तोंडातून आईची भाषा बाहेर आली.

“विषय पुस्तकाचा न्हाय. विषय त्या पोरीचा हाय. ती ओरडून सांगत व्हती, आनि तुमी सगली कागदावर भांडत बसलाव.”

लोक हसले. माझ्या म्हणण्याला नाही, हेलाला. मास्तरांची पोरं ‘व्हय व्हय’ करत होती. पंतांनी हात वर केला आणि म्हणाले, म्हात्रे, सभेपुढं विषय पुस्तकाचा आहे, दुसरा विषय घेता येत नाही.

तेव्हा हमीद उठला. माझ्याच शब्दांत, माझ्याच आवाजात म्हणाला, “विषय पुस्तकाचा न्हाय.” आणि कोणी हसलं नाही. सगळे त्याच्याकडं बघत राहिले. गोड काही ऐकल्यासारखे.

ठराव न होताच सभा संपली. मला नोकरीवरून काढलंय. बोट येईपर्यंत खोलीत राहू देणार.

१० मे

वाद मिटला.

पंत आणि मास्तर सकाळी पडवीत शेजारी शेजारी बसले होते. मास्तर म्हणाले, लेखकाला शाळेत परत बसवलं पाहिजे. पंत म्हणाले, नव्या युगाचं पुस्तक आहे. दोघं हसत होते. चार तरुण भोवती बसून तेच म्हणत होते. वर्तमानपत्र आलं ते कोणी उघडलं नाही. कोणी तापलेलं नाही, कोणी खोकत नाही. ही शांतता मला सहन होत नाही. त्या भांडखोर माणसांचा मला इतका राग यायचा. आता वाटतं, पंतांनी एकदा अरे म्हणावं. एकदा शिवी द्यावी.

कुणाच्याच कपाळावर घाम नाही.

सगुणा ठीक आहे. मी विचारलं, तुझ्याशी तो बोलला नाही का? ती म्हणाली, मी काय बोलते ते कोन ऐकतो, की तो मागारी देल?

तिनं दुसरी बातमी आणली. शेठच्या घरी आता फिरोजा कोंडून बसली आहे. अतिया आणि हमीद दोघं तिच्या दाराशी बसतात. परवापासून शेठही बसतात.

११ मे, दुपार

फिरोजा इथं आहे.

झरोक्यातून उतरून वाडीवाडीतून पळत आली. पाय फुटलेत. मी तिला आत घेतलं आणि कडी घातली. तिच्या मागून सगुणा आली, मागच्या खिडकीशी. तिचा भाऊ काळूराम होडी घेऊन पुळणीवर येतो आहे, भरतीला निघेल. बाणकोटला फिरोजाची मावशी आहे, इथल्या संस्थानच्या हद्दीबाहेर. तोवर पोरीला इथं ठेवायचं.

फिरोजा रडत नाही. ती चिडली आहे. मला म्हणाली, “मला पुस्तक नको, पाणी द्या.” कितीतरी दिवसांनी कुणीतरी स्वतःचं बोललं.

नंतर

आले. पडवी भरली. आधी शेठ, मग पंत, मास्तर, पोरं. सगळ्यांत मागं हमीद आणि अतिया. दार कोणी तोडत नाही. नुसते उभे. मग शेठ म्हणाले, “मला पुस्तक नको, पाणी द्या.” पंत म्हणाले. सगळे म्हणाले. तिच्या आवाजात.

फिरोजानं कान झाकले. शेठचा आवाज नातीचा होऊन आलेला ऐकून तिचा चेहरा— नको. लिहीत नाही.

सगुणा खिडकीचा गज कोयत्यानं उचकटते आहे. आवाज होतोय. त्यांना ऐकू आला तर मागं वळसा घालतील. आपण बोललो की ते ऐकतात, आणि म्हणतात, आणि तोवर हलत नाहीत. म्हणजे बोलत राहिलं पाहिजे. इतकं बोलायला माझ्याजवळ कुठून—

पुस्तक आहे.

नंतर

मी दाराशी उभा राहून ‘आतून कडी’ मोठ्यानं वाचतो आहे. एक परिच्छेद वाचतो, ते सगळे मिळून तो म्हणतात. ते म्हणतात तेवढ्यात मी हे लिहितो. कोऱ्या जागा आल्या की मी थांबतो, तेही थांबतात. मास्तर, पंत, सगळे एका सुरात. अखेर साऱ्या गावाला पुस्तक आवडलं.

गज निघाला. फिरोजा चढली. वळून मला काही म्हणणार होती, मी तोंडावर बोट ठेवलं. ती गेली. सगुणा गेली.

ते एका वाक्याचं प्रकरण आता— दम पुरत नाही—

नंतर

मागच्या खिडकीतून, वाडीच्या फटीत, शीड दिसलं. भुशिरापर्यंत पोचलेलं. अजून थोडं. अजून थोडं वाचायला हवं, आणि पानं—

ऊन उतरलं. घसा फुटलाय. माझ्याजागी ते वाचतात असं वाटतं, मी नुसते ओठ हलवतो—

पुस्तक संपलं.

मग मी त्यांना माझं दिलं. सगळं. सगळा राग. पंत, तुझ्या व्याकरणाला आग लागो. मास्तर, एक बाई बुडत होती आणि तू टाळ्या वाजवत होतास. शेठ, तुम्ही, तुम्ही तरी. त्यांनी ते सगळं मला परत म्हटलं. माझ्या आवाजात, मऊ, आपुलकीनं. इतका मऊ माझा राग कोणी कधी— आणि मला वाटलं— एक क्षण मला बरं वाटलं. माझा हात कडीवर होता.

काढला. हात मागं घेतला.

शीड आता दिसत नाही. भुशिरापलीकडं गेलं. पोरगी गेली. सुटली.

बाहेर ते थांबलेत. पुढचं मागताहेत. दाराला कान लावून. ते भुकेले आहेत, आणि त्यांना मी लागतो, माझ्याशिवाय त्यांच्या तोंडात काही नाही. माझ्याजवळ अजून पुष्कळ आहे. पण देणार नाही. मिठागरावरची, पेणची, आईची, एकही गोष्ट देणार नाही. वाट बघू देत. कडी काढणार नाही आणि तोंड उघडणार नाही, आणि हे लिहिणंसुद्धा बोलणंच आहे, लिहिताना ओठ हलताहेत, बाहेर कोणीतरी आत्ता हेच म्हणतो आहे, म्हणून हेही इथंच थांबवतो, या शब्दाच्या